प्रकल्प नोंदी: टोमॅटोच्या मुळांकडे पाहताना (नारायणगाव परिसर, २०२५)

९ जानेवारी

बाजारातली टोमॅटोची आवक ओसरली. गटाच्या तिन्ही शेतांवर, म्हणजे आबा, ताई आणि दादांकडे, जुना प्लॉट मोडायचं काम सुरू आहे. सुतळी कापली, बांबू काढून रचले, झाडं उपटून बांधावर टाकली. ती पेटवायच्या आधी मुळं बघू द्या, असं तिघांनाही सांगून ठेवलं होतं.

आबांच्या ओढ्याकडच्या पट्टीत झाड हिसका देऊन न उपटता खोऱ्याने वीतभर लांबून खणून काढलं. हिसकलं की बारीक मुळ्या मातीतच तुटून राहतात आणि बघायचं ते नेमकं त्यांच्यावरच असतं. मूळ बादलीत खळबळून धुतलं. गाठीच गाठी. काही मोहरीएवढ्या, काही हरभऱ्याएवढ्या, काही एकमेकींत मिसळून मूळच फुगलेलं. भुईमुगाच्या मुळावरची गाठ नखाने खरवडली की सुटते. ही सुटत नाही, कारण इथे मूळच सुजलेलं असतं. एक गाठ ब्लेडने उभी चिरली. आत टाचणीच्या टोकाएवढा पांढरा चकचकीत मणी दिसला. ती सूत्रकृमीची, म्हणजे मुळात शिरून राहणाऱ्या सूक्ष्म कृमीची, मादी. एक मादी काहीशे अंडी घालते, आणि जमीन उबदार असली की महिनाभरात पुढची पिढी तयार होते. म्हणजे टोमॅटोच्या एका हंगामात चार-पाच पिढ्या सहज.

आबा म्हणाले, "हे दरसालचंच आहे. मुळी जाड झाली म्हणजे झाडाला जोर आला, असंच आम्ही धरत आलो."

ताईंच्या विहिरीकडच्या प्लॉटमध्ये गाठी कमी. दादांच्या रस्त्याकडच्या रानात मधल्या. तिघांकडेही वर्षानुवर्षं टोमॅटो, मिरची, काकडी, पुन्हा टोमॅटो. सूत्रकृमीला यातलं प्रत्येक पीक चालतं.

झाडं पेटवायची ती मुळांसकट पेटवा, एवढं सांगितलं. मुळं रानात ठेवून वरचा पाला जाळण्याचा उपयोग नाही.

१७ जानेवारी

मातीचे नमुने घेतले. नागमोडी चालीने, वीतभर खोल, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा आणि त्याच्या कडेची माती. शेणखताच्या ढिगाची जागा, झाडाखालची जागा, बांधालगतची जागा वगळली. ड्रिपच्या तोटीखालची आणि दोन ओळींमधली माती वेगवेगळी ठेवली, कारण खत सगळं तोटीखालीच पडतं. सूत्रकृमीसाठीचा नमुना मात्र वाळवायचा नसतो. तो ओलाच पिशवीत बांधून, सावलीत ठेवून त्याच दिवशी पोचवला.

११ फेब्रुवारी

अहवाल हातात आले.

तिन्ही शेतांचा सामू (पीएच) ८ च्या वर. चुनखडी भरपूर. सेंद्रिय कर्ब कमी ते मध्यम, कुठेही ०.६ टक्क्याच्या पुढे नाही. यात आश्चर्य नाही. आश्चर्य स्फुरदाचं, म्हणजे फॉस्फरसचं. तिन्हीकडे स्फुरद 'अत्यंत जास्त' आणि जस्त ०.६ पीपीएमच्या खाली, म्हणजे कमतरतेत. तरीही दर लागवडीला बेडमध्ये १८:४६ या स्फुरदयुक्त खताची पोती पडतातच, कारण वडिलांच्या काळापासून पडत आली. स्फुरद असा साठत गेला की पिकाला जस्त घेणं आणखी अवघड होतं. मग पानं पिवळी पडतात, दुकानातून सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली येते, आणि खर्च दोन्हीकडून वाढतो.

तोटीखालच्या मातीची क्षारता ओळींमधल्या मातीपेक्षा स्पष्ट जास्त. मल्चिंग पेपरखाली पाऊस झिरपत नाही, त्यामुळे विद्राव्य खतांचे क्षार धुऊन जायला वाटच नाही. सूत्रकृमीने मुळं निकामी केलेलं झाड दुपारी मान टाकतं. शेतकरी त्याला 'अन्न कमी पडतंय' म्हणून आणखी खत सोडतो. त्या आधीच आजारी मुळाभोवती क्षार वाढतात. हे चक्र मला या पट्ट्यातल्या प्लॉटमागून प्लॉटमध्ये दिसलं आहे, आणि ते तोडणं हेच या प्रकल्पाचं पहिलं काम मानतो.

१४ फेब्रुवारी

ताईंच्या ओसरीवर बैठक. ठरलेलं असं:

प्रत्येक शेताचे दोन भाग. एका भागात नेहमीची पद्धत, जशी ते स्वतः करतात तशी. दुसऱ्यात उन्हाळ्यात हिरवळीच्या खतासाठी ताग पेरून गाडायचा, लागवडीला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मुरवलेलं शेणखत आणि निंबोळी पेंड घालायची, स्फुरद बेडमध्ये अजिबात नाही, जस्त द्यायचं. आणि दोन्ही भागांत एक नियम सारखा: कोणतीही आळवणी (मुळाशी औषधाचं पाणी ओतणं) करायच्या आधी एक आजारी आणि एक चांगलं झाड खणून मुळं बघायची.

दादांचा सवाल रास्त होता. "ताग गाडून कर्ब किती वाढणार?" हिशेब मांडून दाखवला. एकरभर जमिनीच्या वरच्या १५ सेंमी थराचं वजन साधारण ९०० टन. कर्ब ०.१ टक्का वाढवायचा तर ९०० किलो निव्वळ कर्ब टिकून राहायला हवा. तागाचं चांगलं पीक एकरी दोन टनांच्या आसपास सुकं वजन देतं, त्यात कर्ब आठ-नऊशे किलो, आणि त्यातला बहुतेक भाग वर्षभरात जिवाणू खाऊन हवेत सोडतात. म्हणजे एका तागाने अहवालातला आकडा हलणार नाही. तो हलायला सलग काही वर्षं लागतील. मग ताग का? कारण तागाच्या मुळावर गाठीवाला सूत्रकृमी नीट वाढत नाही, आणि जिवाणूंनी खाल्लेला तो कर्बही वाया गेलेला नसतो. मातीची कणी त्यांच्याच चिकट स्रावाने बांधली जाते.

दादा तयार झाले. आबांनी विचारलं, "आवर्तनाचं पाणी तागाला घालू?" कुकडीच्या कालव्याचं उन्हाळी आवर्तन त्यांच्यासाठी मोलाचं आहे. तागाला दोन-तीन पाण्यांत भागवायचं ठरलं.

१६ मार्च

ताग पेरला, एकरी २५ किलो. दाट पेरला की खोड बारीक राहतं आणि लवकर कुजतं. नेहमीच्या भागात उन्हाळी नांगरट करून रान तापत ठेवलं. तेही सूत्रकृमीवर चांगलं काम करतं, त्यामुळे तुलना ताग विरुद्ध काहीच नाही अशी नाही. ताग विरुद्ध मेचं ऊन अशी आहे.

४ एप्रिल

रोपवाटिका पाहिल्या. दोन ठिकाणी नेटला भोकं आणि दरवाजा सताड उघडा. तिसऱ्या ठिकाणी ४० मेशची जाळी, दुहेरी दरवाजा, आत पिवळे चिकट सापळे आणि त्यांवर जवळजवळ काही नाही. बुकिंग तिसरीकडे. रोप थोडं महाग पडेल. पांढरी माशी रोपाला नर्सरीतच चाटून गेली असेल तर नंतर शेतात काहीही फवारा, बोकड्या हा पानं आकसवणारा विषाणूरोग येणारच.

५ मे

ताग फुलावर आला, कमरेच्या वर. रोटाव्हेटरने बारीक करून गाडला. आणखी पंधरा दिवस ठेवला असता तर खोडात वाख, म्हणजे चिवट धागा, धरला असता आणि कुजायला वेळ लागला असता.

झेंडूची रोपंही आजच टाकली. आफ्रिकन झेंडूचं रोप टोमॅटोच्या रोपापेक्षा दोन-तीन आठवडे वयाने मोठं लागतं. टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक, दोन्ही एकाच वेळी फुलावर आली तरच फळ पोखरणारी अळी अंडी घालायला झेंडूवर वळते. लहान रोप लावून हा प्रयोग फसला, असं सांगणारे खूप भेटतात.

२२ मे

पाऊस. वळवाची एक-दोन सरींची अपेक्षा होती, हा दिवसेंदिवस पडतोय. ओढ्याकडच्या पट्टीत पाणी साचलं आहे. गाडलेल्या तागाचा आंबूस वास येतोय, हवा न मिळता कुजतोय. त्याहून वाईट म्हणजे वरच्या नेहमीच्या भागातलं गढूळ पाणी खालच्या तागाच्या भागात उतरलं. मातीबरोबर सूत्रकृमीही उतरले असणार. वर चर मारला, पण पाणी आधीच येऊन गेलं होतं. या शेताचा निकाल वाचताना हे ध्यानात ठेवायला हवं.

२७ मे

काल मोसमी पाऊस मुंबई-पुण्यात पोचल्याचं जाहीर झालं. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. नांगरून तापवलेल्या रानाला मेचं निम्मं ऊन मिळालंच नाही.

लागवडीची घाई सगळ्यांना आहे. ऑगस्टचा भाव गाठायचा म्हणून आजूबाजूला ओल्या रानात ट्रॅक्टर चाललेत. काळ्या जमिनीत वाफसा (मशागतीजोगी ओल) नसताना रोटाव्हेटर फिरवला की खाली पात्याच्या खोलीवर घट्ट थर बसतो, मूळ तिथून पुढे जात नाही, पाणीही जात नाही. मूठभर माती दाबून गोळा केला आणि कमरेच्या उंचीवरून सोडला. फुटला नाही. थांबायचं. ताई आणि दादा थांबले. आबा कुरकुरले, पण थांबले.

बांधालगत मका मात्र टोकून घेतला. लागवडीला तो थोडा उभा राहिला तर उडत्या किडींना पहिला आडोसा होईल.

१० जून

वाफसा आला. बेड फूटभर उंच काढले. ट्रायकोडर्मा सावलीत मुरवून ठेवलंच होतं: १०० किलो कुजलेल्या शेणखतात एक किलो, ओल धरून, गोणपाटाने झाकून, मधे एकदा हलवून. शेणखत पांढरट बुरशीने धरलं आहे, मातीचा छान वास येतोय. निंबोळी पेंड एकरी १०० किलो. हे सगळं बेडच्या मधोमध.

मल्चिंग पेपर ३० मायक्रॉनचा घ्यायला लावला. पातळ पेपर काढताना फाटतो आणि तुकडे रोटाव्हेटरने मातीत मिसळतात. दादांच्या रानात खणताना तीन हंगामांपूर्वीचा काळा पेपर निघाला. ते प्लास्टिक आता कुणी वेचून काढू शकणार नाही, आणि सुपीकतेच्या गप्पांत हा विषय येतच नाही याचं मला फार वाईट वाटतं.

१६ जून

लागवड. रोपांचा गड्डा ट्रायकोडर्माच्या द्रावणात बुडवून. मल्चिंग पेपरची रुपेरी बाजू वर.

३ जुलै

चिकट सापळे लावून झाले, पिवळे पांढऱ्या माशीसाठी, निळे फुलकिड्यांसाठी. दादांच्या शेतात विषाणूची झाडं दिसू लागली, शेंड्याची पानं आकसलेली, काहींवर तपकिरी ठिपके. लगेच उपटून पिशवीत भरून बाहेर नेली, सांधणीची रोपं लावली. लागवडीनंतरच्या पहिल्या महिन्यात हे परवडतं, नंतर नाही.

दादांच्या मनात २०२० अजून ताजं आहे. त्या वर्षी या पट्ट्यात, तसंच संगमनेर आणि अकोले तालुक्यांकडे, फळं एकाच वेळी लाल-पिवळी-हिरवी राहून पिकेनात, लोक त्याला 'तिरंगा' म्हणू लागले. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत नमुने गेले आणि त्यांत कुकुंबर मोझॅकसह एकापेक्षा जास्त विषाणू निघाले. कुकुंबर मोझॅक मावा पसरवतो, आणि मावा सोंड टोचताच काही सेकंदांत विषाणू झाडात जातो. औषधाने मावा मरेपर्यंत काम झालेलं असतं. म्हणून इथे फवारणी वाढवण्यापेक्षा बांधावरचं तण, जुना काकडीचा वेल आणि रोगट झाड काढणं जास्त उपयोगी पडतं. बोकड्याचं थोडं वेगळं आहे, पांढऱ्या माशीला झाडावर बराच वेळ बसावं लागतं, तिथे वेळेवर केलेली फवारणी कामाला येते. 'व्हायरस' म्हणून दोन्हींना एकच औषध मारलं की एकीकडचे पैसे गेलेच.

२४ जुलै

सकाळी ताईंचा फोन. "काल हिरवीगार होती, आज माना टाकल्यात. लवकर ये." पाठोपाठ आबांचाही. तोवर दोघांच्याही घरात दुकानातून आळवणीचा संच येऊन पडला होता: बुरशीनाशक, जिवाणूनाशक आणि ह्युमिक, तिन्ही एकत्र.

नियमाप्रमाणे आधी खणलं. ताईंच्या झाडाची मुळं बऱ्यापैकी, गाठी तुरळक. खोड जमिनीलगत तिरकं कापलं तर सालीच्या आत तपकिरी कडं. कापलेला तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात, टोक जेमतेम बुडेल असा धरला. हात न हलवता थांबलो. पाणी स्वच्छच. म्हणजे बुरशीची मर, फ्युजेरियम.

तोच पेला धुवून आबांच्या शेतात. तुकडा पाण्यात धरल्यावर थोड्याच वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखी बारीक धार खाली उतरू लागली, धाग्यासारखी, न तुटता. थोड्या वेळाने पाणी गढूळ. ही जिवाणूंची मर. आपल्या चुनखडीच्या जमिनीत ही कमी, कोकणात जास्त. पण मेमध्ये पाणी साचलेला हाच तो कोपरा, आणि झाडाच्या मुळांना सूत्रकृमीने केलेल्या जखमा होत्याच. जिवाणूला आत शिरायला दुसरी वाट लागत नाही.

दोन शेतं, वरून एकसारखी दिसणारी मर, कारणं वेगळी. दोन्हीकडे तोच संच ओतला गेला असता. ताईंच्या तागाच्या भागात कार्बेन्डाझिमची आळवणी झाली असती तर मुरवून घातलेलं ट्रायकोडर्माही त्यात मेलं असतं. तिथे पुन्हा ट्रायकोडर्माचीच आळवणी केली आणि पाणी कमी केलं. आबांकडे रोगट झाडं मातीसकट काढली, खड्ड्यांत ब्लिचिंग पावडर टाकली, त्या कोपऱ्याच्या लॅटरल (ड्रिपच्या नळ्या) बंद केल्या, आणि तिथलं खुरपं दुसरीकडे न्यायचं नाही असं ठरलं. जिवाणूची मर लागलेलं झाड कोणत्याही औषधाने परत उभं राहत नाही. आबांना हे पटायला जड गेलं. पेला त्यांनी स्वतः हातात धरून पाहिला, मग संच परत करायला मुलाला पाठवलं.

१२ ऑगस्ट

टुटा आली. २०१४ साली ही परदेशी नागअळी महाराष्ट्रात पहिल्यांदा सापडली आणि तेव्हापासून ती इथलीच झाली. पानात फुगीर पांढरट डाग, फळाच्या देठाजवळ बारीक छिद्र. नर पतंगांना ओढणारी कामगंध गोळी लावलेले पाण्याचे ट्रे ठेवले, पाण्यात थोडा साबण.

ताईंच्या शेतात भिंगाखाली एक बारीक हिरवट, लांब पायांचा ढेकूण दिसला, नेसिडिओकोरिस. हा टुटाची अंडी आणि पांढऱ्या माशीची पिलं खातो. खाद्य संपलं की टोमॅटोच्या कोवळ्या देठाला सोंड खुपसतो, मग तिथे तपकिरी कडं पडतं. ताईंनी ती कडी पाहिली होती आणि ढेकणासाठी फवारणीची तयारी केली होती. आठवडाभर थांबा म्हणालो. सध्या त्याला खायला भरपूर आहे.

दादांच्या शेडमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांचे डबे, 'एक मारून झालं की दुसरं' म्हणून आणलेले. दोन्हींतला घटक एकच, क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल. नाव बदललं तरी अळीच्या दृष्टीने औषध तेच. आता डब्यावरचं मोठं नाव झाकून घटकाचं नाव मार्करने लिहून ठेवलंय.

३० ऑगस्ट

तोडे सुरू. रोज क्रेट भरताहेत.

६ सप्टेंबर

तोडा तीन-चार दिवसांनी आणि काही औषधांचा प्रतीक्षा काळ (फवारणी आणि तोड्यात ठेवायचं अंतर) त्याहून जास्त. हे गणित बसत नाही, म्हणून तोडे चालू असताना फक्त कमी प्रतीक्षेची औषधं, निंबोळी अर्क आणि जैविक. करप्यासाठी खालची पानं काढून हवा खेळती ठेवली, त्याने बराच फरक पडतो.

फवारणारा मुलगा उघड्या तोंडाने, अर्ध्या बाहीत. त्याला मास्क, हातमोजे, पूर्ण बाहीचा शर्ट गटाच्या खर्चाने. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. ती गोष्ट कपाशीची म्हणून भाजीवाल्यांनी बाजूला ठेवायची नाही. इथे फवारण्या कपाशीपेक्षा कमी होत नाहीत.

२८ ऑक्टोबर

प्लॉट मोडले. दोन्ही भागांतून झाडं खणून, धुऊन, गाठींना ० ते ५ अंक दिले: गाठ नसेल तर ०, शंभरावर असतील तर ५.

ताईंकडे फरक ठळक. तागाच्या भागातली बहुतेक झाडं १ आणि २, नेहमीच्या भागातली ३ आणि ४. दादांकडे तागाचा भाग बरा, पण फार नाही. त्यांच्या नेहमीच्या भागात महागडं सूत्रकृमीनाशक दिलं होतं, तोही भाग वाईट नव्हता. खर्च मात्र तागापेक्षा बराच जास्त आला. आबांकडे दोन्ही भाग ४ आणि ५. मेचं वाहून आलेलं पाणी हे एक कारण, ओढ्याची ओल हे दुसरं. तिथे ताग हरला असं मी लिहिणार नाही, जिंकला असंही नाही. तुलनाच मोडली.

स्फुरद न घातल्याने कुणाचंच उत्पादन घटलं नाही. तिघांनाही सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट हीच, कारण ती थेट पोत्याच्या पैशांत दिसते.

७ नोव्हेंबर

आबांना त्याच पट्टीत उन्हाळ्यात पुन्हा टोमॅटो हवा आहे. प्रतिकारक जातीचं रोप मिळतंय म्हणाले. त्या जातींतला सूत्रकृमी-प्रतिकारक जनुक जमीन २८ अंशांच्या वर तापली की काम सोडू लागतो, हे त्यांना सांगितलं. उन्हाळी लागवडीत आपली जमीन त्याहून कितीतरी तापते. बराच वेळ बोलणं झालं. शेवटी अर्ध्या पट्टीत कांदा, त्यानंतर ताग. उरलेल्या अर्ध्यात ते टोमॅटो लावणार आहेतच. त्या अर्ध्याचा पाण्याचा निचरा आधी ओढ्याकडे वळवून द्यायचा, बेड आणखी उंच करायचे, आणि जिवाणूची मर लागलेला कोपरा मक्याखाली ठेवायचा.

ताई या वेळी पूर्ण शेतात ताग करणार. बियाण्याची मागणी आत्ताच नोंदवली, यंदा मार्चमध्ये पळापळ झाली होती. दादांच्या शेतातून सूत्रकृमीचा ओला नमुना घेतला, उद्या सकाळच्या गाडीने जाईल.